काळा तारा: जहाजांपासून गाण्यांपर्यंत

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु एखादें नांव एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसें जातें, हाही इतिहासाचाच विषय आहे. आज अशाच एका नांवाची कथा सांगावयाची आहे. ती आरंभीं जहाजांची आहे आणि शेवटीं गाण्यांची.

मार्कस गार्व्ही हा जमेकाचा कृष्णवर्णीय पुढारी. त्यानें १९१९ सालीं न्यूयॉर्क येथें ‘ब्लॅक स्टार लाइन’, म्हणजे ‘काळा तारा’ या नांवाची जहाजकंपनी काढली. तिचा एक भाग पांच डॉलरचा. आणि ते भाग घेणारे बहुतेक हातावर पोट असणारे कष्टकरी लोक. आपल्या मालकीचीं जहाजें समुद्रावर चालतील व आपल्या लोकांचा व्यापार वाहतील, ही त्यांची आशा. प्रत्यक्षांत जुनीं जहाजें भारी किंमतीस पदरांत पडलीं, कारभार बिघडला आणि १९२२ सालीं कंपनीचें काम थांबलें. टपालाच्या द्वारें फसवणूक केल्याच्या आरोपावरून गार्व्हीस १९२३ सालीं शिक्षा झाली, व १९२७ सालीं त्यास अमेरिकेबाहेर घालविण्यांत आलें. गरिबांचा पैसा गेला, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं. तथापि नांव बुडालें नाहीं. १९५७ सालीं स्वतंत्र झालेल्या घाना देशानें आपल्या निशाणावर काळा तारा घेतला, तो या स्मृतीमुळेंच.

त्याच न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत १९७३ च्या सुमारास हिप-हॉप नांवाची कला जन्मास आली. तबकडीवरील ठेक्याचा तेवढाच तुकडा पुनःपुन्हां वाजवावयाचा आणि त्यावर यमकें जुळवीत तालांत बोलावयाचें, असें तिचें मूळ रूप. या बोलण्यास रॅप म्हणतात. यांत सूर कमी व शब्द फार. म्हणून शब्दांत सत्त्व नसेल तर ही कला लंगडी पडते. पुढें तिला मोठा बाजार मिळाला, आणि बाजाराबरोबर वैरही आलें. १९९६ च्या सप्टेंबरांत टुपॅक शकूर आणि १९९७ च्या मार्चांत नोटोरियस बी. आय. जी. हे दोन विख्यात रॅपकार गोळ्यांना बळी पडले.

अशा वेळीं ब्रुकलिनच्या दोन तरुणांनीं १९९८ सालीं मिळून एक अल्बम काढला. एक मॉस डेफ. हाच पुढें यासिन बे या नांवानें ओळखला जाऊं लागला. दुसरा तालिब क्वेली. याची आई इंग्रजीची प्राध्यापिका, आणि तो स्वतः ब्रुकलिनमधील ‘एन्किरू बुक्स’ या पुस्तकांच्या दुकानांत काम करीत असे. तें दुकान बंद पडण्याच्या बेतांत आलें, तेव्हां या दोघांनींच तें विकत घेतलें. या जोडीनें आपलें नांव ठेविलें ‘ब्लॅक स्टार’. बुडालेल्या कंपनीचें नांव मुद्दाम धारण करण्यास इतिहासाची चाड असावी लागते.

अल्बममधील बऱ्याच गाण्यांचें संगीत हाय-टेक यानें रचलें. ‘डेफिनिशन’ या गाण्यांत वरील दोन मृत्यूंची आठवण आहे. ‘थीव्ह्ज इन द नाइट’ हें गाणें टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या १९७० च्या कादंबरीवरून सुचलें. ‘रेस्पिरेशन’मध्यें शिकागोचा कॉमन त्यांस येऊन मिळतो, आणि रात्रीचें शहर एखाद्या सजीव प्राण्याप्रमाणें श्वास घेऊं लागतें. एकानें बोल टाकावा व दुसऱ्यानें तो उचलावा, ही रीत आपल्या जुगलबंदीच्या रसिकांस परकी वाटणार नाहीं.

टीकाकारांनीं या अल्बमचें मनापासून स्वागत केलें. बिलबोर्डच्या विक्रीच्या यादींत मात्र तो ५३ व्या क्रमांकाच्या वर चढला नाहीं. त्याच वर्षीं जे-झी या रॅपकाराचा अल्बम त्या यादीच्या शिरोभागीं जाऊन बसला. परंतु पुढें २००३ सालीं याच जे-झीनें ‘द ब्लॅक अल्बम’मधील एका गाण्यांत क्वेलीचें नांव घेऊन सांगितलें कीं, केवळ कौशल्यावर खप होत असता तर आपणही तसेंच लिहिलें असतें, अधिक पैशासाठीं आपण आपली पातळी उतरविली. बाजार जिंकलेल्यानें दिलेली ही साक्ष कोणत्याही परीक्षणाहून अधिक मोलाची आहे. मात्र तींत श्रोत्यांवरील ठपकाही आहे, हें विसरूं नये. चांगल्यास चांगलें म्हणावयाचें आणि विकत दुसरेंच घ्यावयाचें, ही खोड अमेरिकेपुरतीच नाहीं.

या जोडीचा दुसरा अल्बम ‘नो फिअर ऑफ टाइम’ २०२२ सालीं, म्हणजे चोवीस वर्षांनीं आला. त्याचें संगीत मॅडलिब याचें. तो नेहमींच्या संगीतसेवांवर न देतां वर्गणी घेणाऱ्या ‘ल्युमिनरी’ या पॉडकास्ट-सेवेवर दिला गेला. त्यामुळें पुष्कळ चाहत्यांस तो सहज ऐकावयास मिळाला नाहीं. येथें पुन्हां गार्व्हीची आठवण होते. दुसऱ्यांच्या जहाजांतून माल पाठविला तर तो दूरवर जातो. आपल्या पसंतीचें जहाज शोधावें तर प्रवासी थोडे मिळतात.

गार्व्हीच्या कंपनीचा हिशेब तोट्यांत निघाला, आणि तो तोटा खरा होता. या अल्बमचा पहिल्या वर्षाचा हिशेबही मोठा नव्हता. तरी पंचवीस वर्षांनंतरही जाणकारांच्या तोंडीं त्याचें नांव राहिलें. खपाची यादी आठवड्याची असते. तेवढ्यावरून कलेचा निकाल देऊं नये. पण आपण दिलेला आदर कलावंताच्या घरीं धान्यरूपानेंही पोंचतो कीं नाहीं, हें पाहणें रसिकांचें कर्तव्यच आहे.