संशोधक घडतो कसा? मानसशास्त्र व सामाजिक शास्त्रांतील पदव्युत्तर प्रशिक्षणाचा मागोवा

एम. ए.ची पदवी हाती पडली की मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र वा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. अध्यापनाची आवड असणाऱ्यांचे पाय बहुधा पीएच. डी.कडे वळतात. मात्र नावामागे 'डॉक्टर' लागणे आणि संशोधक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी नियमांची पूर्तता पुरते. दुसरीसाठी पद्धतीचे शिक्षण, चिकाटी आणि बौद्धिक प्रामाणिकपणा लागतो. गेल्या काही वर्षांत या वाटेवरील नियम बरेच बदलले आहेत. आयुष्याची पाच-सहा उमेदीची वर्षे पणाला लावण्यापूर्वी ते समजून घेणे अगत्याचे ठरते.

परंपरा आपल्या दारची

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला. पुढे गो. स. घुर्ये यांनी तेथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे प्रत्यक्ष पाहणीवर आधारित संशोधनाची शिस्त रुजली. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून कार्यरत आहे. मानसशास्त्राकडे पाहिले, तर कलकत्ता विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला होता.

देशपातळीवर या शास्त्रांना पाठबळ मिळावे म्हणून केंद्र सरकारने १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. शिष्यवृत्त्या, संशोधन प्रकल्पांना अनुदान आणि संशोधन पद्धतीच्या कार्यशाळा हे परिषदेचे काम आजही चालू आहे. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील परिसरात आहे.

एम. फिल.चा निरोप

पूर्वी एम. ए., मग एम. फिल. आणि त्यानंतर पीएच. डी. अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना होती. एम. फिल.मध्ये लहानसा प्रबंध लिहून हात बसत असे आणि आपला पिंड संशोधकाचा आहे की नाही, हे विद्यार्थ्याला उमगत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील विनियमांनी ही पदवी बंद केली. तिला प्रवेश देऊ नयेत आणि घेऊ नयेत, असा इशारा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा दिला. अपवाद होता तो चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोरुग्णविषयक समाजकार्य या दोन विषयांचा. तेथील एम. फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत देण्यात आली.

परिणामी संशोधनाची पूर्वतयारी आता एम. ए.च्या दोन वर्षांतच करावी लागते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प केवळ गुणांसाठी उरकणाऱ्याला पुढे ही उणीव भरून काढणे जड जाते.

प्रवेशाचे दार

पीएच. डी.साठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, उन्नत स्तरात न मोडणारे इतर मागासवर्गीय, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यालाही थेट पीएच. डी.चा अर्ज करता येतो.

राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे 'नेट', हे आता प्रवेशाचे प्रमुख साधन झाले आहे. तीन तासांच्या या परीक्षेत पहिला पेपर ५० प्रश्नांचा व १०० गुणांचा, तर विषयाचा दुसरा पेपर १०० प्रश्नांचा व २०० गुणांचा असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. २०२४ पासून निकालाच्या तीन श्रेणी लावल्या जातात. पहिल्या श्रेणीला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच. डी. प्रवेश हे तिन्ही लाभ मिळतात. दुसरीला शिष्यवृत्तीवाचून उरलेले दोन, तर तिसरीला केवळ पीएच. डी. प्रवेशाची पात्रता मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतील उमेदवारांच्या निवडीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असून, प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात.

येथे अनेकांची एक गफलत होते. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठामार्फत घेतली जाणारी 'सेट' परीक्षा सहायक प्राध्यापकपदाची पात्रता देते. तिच्यातून शिष्यवृत्ती मात्र मिळत नाही.

पैशाचे गणित

संशोधनाची वर्षे बिनपगारी काढणे सामान्य कुटुंबातील मुलामुलींना परवडणारे नसते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीत १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि नंतर ज्येष्ठ श्रेणीत ४२ हजार रुपये मिळतात. तिच्यासाठी वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे.

राज्यात अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. या योजनांच्या जाहिराती, जागांची संख्या आणि निकष दरवेळी सारखे असतीलच असे नाही. शिष्यवृत्ती मिळेल हे गृहीत धरून नोकरी सोडण्याची घाई करू नये. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, हा अनुभव फार जुना नाही. सेवेत असलेल्यांना कार्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्रासह अर्धवेळ पीएच. डी. करता येते. दूरशिक्षणातून वा ऑनलाइन पद्धतीने मात्र ही पदवी मिळत नाही.

नोंदणीनंतरचा प्रवास

पीएच. डी.चा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे आहे. फेरनोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. महिला संशोधकांना या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा घेता येते. घर सांभाळून संशोधन करणाऱ्या अनेकींना या तरतुदीची माहितीच नसते.

आरंभी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशनाची नीतितत्त्वे हे त्याचे गाभ्याचे भाग. त्यात किमान ५५ टक्के गुण मिळविल्याखेरीज पुढे जाता येत नाही. प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगतीचा आढावा मांडावा लागतो. प्रबंधाचे परीक्षण मार्गदर्शकाव्यतिरिक्त किमान दोन बहिःस्थ परीक्षक करतात आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा होते. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची राष्ट्रीय पातळीवरील सक्ती २०२२ च्या विनियमांत राहिलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा पाहून घ्यावा.

मार्गदर्शकाची निवड हा या प्रवासातील सर्वांत नाजूक निर्णय. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा रिकामी आहे म्हणून नाव नोंदविण्यापेक्षा त्या प्राध्यापकांचे लेखन वाचावे. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात पाहता येतात. किती विद्यार्थ्यांचे काम किती वर्षांत पुरे झाले, याची त्यांच्याकडेच चौकशी करावी.

पद्धतीचे शिक्षण

मानसशास्त्रातील संशोधकाला प्रयोगाची मांडणी, नमुना निवड, चाचण्यांची विश्वसनीयता व सप्रमाणता आणि संख्याशास्त्र यांची पक्की जाण हवी. समाजशास्त्राच्या वा समाजकार्याच्या अभ्यासकाला मुलाखत, सहभागी निरीक्षण आणि क्षेत्रकार्याचे भान हवे. संगणकावरील 'एसपीएसएस' महाग वाटत असेल, तर 'आर', 'जामोवी' किंवा 'जास्प' ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. तथापि यंत्राने दिलेल्या आकड्याचा अर्थ लावणे हे माणसाचेच काम राहते.

या शिस्तीचे मोल २०१५ मध्ये जगासमोर आले. मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास निरनिराळ्या प्रयोगशाळांतील संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. तेव्हापासून माहिती गोळा करण्यापूर्वीच आपली परिकल्पना व विश्लेषणाची पद्धत नोंदवून ठेवणे, आणि शक्य तेथे माहिती खुली करणे, हा पायंडा बळावतो आहे.

भाषेचा प्रश्नही कमी महत्त्वाचा नाही. परदेशी चाचणी शब्दशः मराठीत उतरवून गडचिरोली वा नंदुरबारच्या विद्यार्थ्यांना दिली, तर उत्तरे मिळतील, पण ती नेमके काय मोजतात हे सांगता येणार नाही. भाषांतर, दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर, लहान गटावर पडताळणी आणि स्थानिक मानके या पायऱ्या गाळता येत नाहीत.

नीती आणि चौर्य

माणसांवर संशोधन करताना त्यांची माहितीपूर्ण संमती, गोपनीयता आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा अनिवार्य आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याशी निगडित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

वाङ्मयचौर्याबाबत २०१८ चे विनियम लागू आहेत. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, मात्र ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांपासून सावध राहण्याची जबाबदारी आता संशोधकावरच अधिक आहे, कारण नियतकालिकांची 'केअर' यादी आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. दिलासा देणारी बाजू अशी की, 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली.

उपचाराचा परवाना वेगळा

मानसशास्त्रात पीएच. डी. केली म्हणजे रुग्णांवर उपचार करता येतात, हा समज चुकीचा आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. शिवाय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाने मनाई केली आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

संशोधनाची पदवी नोकरीची हमी देत नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा मोजक्या, उमेदवार अनेक. स्वयंसेवी संस्था, पाहणी करणाऱ्या संस्था, शासकीय मूल्यमापन आणि आरोग्य प्रकल्पांत प्रशिक्षित संशोधकांना कामे मिळतात, पण तेथे पदवीपेक्षा कौशल्याची विचारणा आधी होते. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ज्याचे उत्तर शोधण्यासाठी सहा वर्षे द्यावीशी वाटतील, असा प्रश्न आपल्यापाशी आहे काय? तो असेल, तर नियमांची ही वाट लांबची असली तरी चालण्याजोगी आहे.