देशमुखांचा कायदा

आमच्या आत्याबाईंच्या तोंडी ‘देशमुखांचा कायदा’ हे शब्द मी लहानपणी पुष्कळदा ऐकले. हे देशमुख म्हणजे गावचे कोणी वतनदार असावेत, असे तेव्हा वाटे. ते होते मुंबईचे शल्यवैद्य डॉ. गो. वि. देशमुख, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळातले काँग्रेसचे सभासद. (लोकहितवादी देशमुख निराळे.)

त्या कायदेमंडळात कामकाजावर पकड सरकारी बाकांची. खाजगी सभासदाच्या विधेयकाला मोजकेच दिवस मिळत. अशा स्थितीत 1937 साली डॉक्टरांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा मंजूर करून घेतला. त्यासाठी किंमत मात्र द्यावी लागली. मूळ मसुद्यात मुलीलाही वाटा होता. तो निवड समितीत गळाला. विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, एकत्र कुटुंबातला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, वाटणी मागता येऊ लागली. पण सारे हयातीपुरते. नड असल्याखेरीज विकता येत नसे, आणि तिच्यामागे मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाई. शेतजमिनीला तर हा कायदा लागूच नाही, असे 1941 साली फेडरल कोर्टाने ठरवले.

याला अर्धवट कायदा म्हणणारे पुष्कळ. मला तसे म्हणवत नाही. आत्याबाईंच्या थोरल्या जाऊबाई 1935 साली विधवा झाल्या, पोटी मूल नाही. त्यांना अन्नवस्त्र आणि माजघरातला एक कोपरा. कायदा 14 एप्रिल 1937 चा, आधीच्या मृत्यूंना तो लागत नव्हता. आत्याबाईंचे यजमान 1939 साली गेले. पदरी एकच मुलगी. दिरांनी आढेवेढे पुष्कळ घेतले, पण ओसरीसह घराचा अर्धा भाग त्यांना सोडावा लागला. एकाच चुलीवरच्या दोघी जावा, आणि मध्ये चार वर्षांचे अंतर!

डॉक्टरांनी 1938 साली हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क देणारे विधेयकही मांडले. ते पार पडले नाही.

विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला तो 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा त्याच कायद्याने आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मात्र 2005 साली. आत्याबाई तोवर थांबल्या नाहीत. मालकी हाती येताच त्यांनी आपला भाग लेकीच्या नावे करून दिला. दिरांकडचे कोणी आले नाही. थोरल्या जाऊबाई आल्या, साक्षीदार म्हणून. सही येत नव्हती, त्यांनी अंगठा उठवला.