खोली भाड्याने देताय? आडनाव नको, हे विचारा

तालुक्याच्या गावात आता बऱ्याच जणांनी घरावर दोन-तीन खोल्या काढल्यात. शिक्षक, नर्स, बँकेतले कर्मचारी, कंपनीतली पोरं भाड्याने राहायला येतात. माणूस खोली बघायला आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आडनाव काय?" तेवढ्यावर अंदाज आला नाही तर "म्हणजे कोणते?" आणि मग, "खोली कालच गेली."

हे उत्तर मालकाला महागात पडू शकतं. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही, कुठल्याही वस्तीत राहायला घर घेण्यापासून अडवणं गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि वर दंड. अडवलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल, तर कलम १२ प्रमाणे कोर्ट कारण तेच होतं असं धरून चालतं. तसं नव्हतं, हे मालकाने सिद्ध करायचं.

मग माणूस पारखायचा कसा? नोकरी कुठे, पगार भाड्याला पुरतो का, राहणार किती जण, आधी कुठे राहत होता. जुन्या घरमालकाला एक फोन केला तर निम्मं कळतं. हेच प्रश्न येईल त्या प्रत्येकाला विचारा. भाडं आणि डिपॉझिटही सगळ्यांना एकच सांगा, माणूस बघून आकडा वाढवू नका.

आधारची झेरॉक्स चालते, मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार कोणी दिलं तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, ती सोय सरकारनेच दिलीय. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवरूनही देता येते.

नोटरी केलेला स्टँप पेपर म्हणजे नोंदणी नव्हे, इथे बरेच जण फसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला की अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते, ऑनलाइनही होते.