चेंडू आधी की पोरगं आधी?

शालेय बास्केटबॉलच्या सामन्यात पोरगं पडलं की प्रेक्षकांतून ओरडा होतो, "अहो पंच, शिट्टी मारा की!" आणि पंच बऱ्याचदा मारत नाहीत. लोक त्यांना निर्दयी ठरवून मोकळे होतात. पण नियमच तसा आहे, आणि त्याची मुळं जुनी आहेत.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला. कडाक्याच्या थंडीत पोरांना आत खेळता यावं आणि हाडं मोडू नयेत, हा हेतू. त्याने १३ नियम लिहिले. अंपायरने माणसांकडे बघायचं, रेफरीने चेंडूकडे, अशी सरळ वाटणी. मुद्दाम इजा केली तर पूर्ण सामन्यातून बाहेर, बदली खेळाडूही मिळणार नाही! इजा करणाऱ्याचा असा बंदोबस्त झाला. पण ज्याला लागलं त्याच्यासाठी खेळ कधी थांबवायचा, यावर त्या १३ नियमांत अक्षर नाही.

आजचा फिबाचा नियम काय म्हणतो? खेळ चालू असताना कोणी जखमी झालं, तर चेंडू ज्या संघाकडे आहे त्याने बास्केटवर फेक करेपर्यंत, चेंडू गमावेपर्यंत किंवा स्वतःहून थांबेपर्यंत पंचाने शिट्टी मारायची नाही. कारण उघड आहे. नाहीतर समोरचा संघ सुसाट निघाला की इकडे एकजण पाय धरून लोळणार. आपल्याकडे असले कलाकार कमी आहेत का?

पण त्याच नियमात पुढे एक वाक्य आहे. जखमी खेळाडूच्या रक्षणासाठी गरज असेल, तर खेळ ताबडतोब थांबवता येतो. शिवाय तातडीच्या उपचाराची गरज वाटली, तर डॉक्टर पंचाला न विचारता मैदानात येऊ शकतो.

या वाक्याचं मोल कळायला हँक गॅदर्स आठवावा. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा खेळाडू. १९८८-८९ च्या हंगामात अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये गुण आणि रिबाउंड दोन्हींत पहिला. डिसेंबर १९८९ मध्ये तो फ्री थ्रोच्या रेषेवर कोसळला. तेव्हा खेळ थांबलेलाच होता. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निदान झालं, औषध सुरू झालं, आणि तो परत खेळायला लागला. ४ मार्च १९९० ला एक जोरदार डंक मारून मागे वळला आणि पुन्हा कोसळला. त्याच संध्याकाळी गेला. वय २३. पुढचा सामना काय, स्पर्धाच रद्द झाली. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र जागेवर होतं, मग ते तिथल्या तिथे का वापरलं नाही, यावरून पुढे कोर्टबाजी झाली.

त्याला कोणी धक्का दिला नव्हता. मुद्दा इथेच आहे. मुरगळलेला पाय धरून ओरडणारा पोरगा पाच-दहा सेकंद थांबू शकतो. पण कोणाचाही स्पर्श न होता जो कोसळला आणि हाकेला ओ देत नाही, त्याचं हृदय बंद पडलंय असंच धरून धावायचं असतं.

मी वार्तांकन केलेल्या एका शालेय स्पर्धेत प्रथमोपचाराची पेटी कुलूपबंद कपाटात होती, आणि किल्ली ज्या सरांकडे होती ते जेवायला गेले होते. यंदा आपल्या पोरांच्या सामन्याला जाल तेव्हा आयोजकांना एवढं विचारा: डॉक्टर कुठे बसलेत, आणि किल्ली कोणाकडे आहे?