डबलडे यांची कॉम्फ्री

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात कॉगेशल नावाचे जुने गाव आहे. तेथे हेन्री डबलडे (१८१०-१९०२) हे क्वेकर पंथाचे गृहस्थ राहत असत. टपालाच्या तिकिटांसाठी डिंक तयार करण्याच्या खटपटीत असता, कॉम्फ्रीत चिकट द्रव्य असते असे त्यांच्या वाचनात आले. १८७०च्या दशकात त्यांनी रशियातून तिची रोपे मागविली. डिंक साधला नाही. परंतु पुन्हा पुन्हा कापूनही फोफावणारा पाला पाहून ते थक्क झाले. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, ही त्यांच्या हयातीतली घटना होती. ही वनस्पती भुकेल्यांना तारील, या आशेने त्यांनी उर्वरित आयुष्य तिच्यासाठी वेचले.

कॉम्फ्री युरोपला नवी नव्हती. तिच्या 'सिम्फायटम' या शास्त्रीय नावाच्या मुळाशी 'सांधणे' हा ग्रीक अर्थ आहे. मोडलेल्या हाडावर तिचा लेप बांधीत. आपल्याकडील 'हाडसांधी' हे नावही अशाच समजुतीतून आले. पाने लांबट, खरखरीत, केसाळ. फुले घंटेसारखी, खाली झुकलेली, पांढरी वा जांभळी. फुलण्यापूर्वी मात्र तिची आणि विषारी फॉक्सग्लोव्हची गल्लत होते. फॉक्सग्लोव्हच्या पानांच्या कडा दंतुर असतात, कॉम्फ्रीच्या सलग. ही खूण न ओळखल्याने माणसे दगावली आहेत.

लॉरेन्स हिल्स यांनी १९५३ साली या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला आणि पुढे बॉकिंग येथे तिचे निरनिराळे वाण पारखले. त्यांतील 'बॉकिंग १४' हा वाण बी धरीत नाही; मुळाचा लहानसा तुकडा लावला की पुरे. दोन-तीन फुटांवर लावलेली रोपे वर्षानुवर्षे पाला देतात. मात्र जागा विचारपूर्वक निवडावी. जमिनीत राहिलेला तुकडाही पुन्हा फुटतो.

अन्नाची आशा मात्र फळली नाही. कॉम्फ्रीतील अल्कलॉइडे यकृताला घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोटात घेण्याची तिची उत्पादने बाजारातून काढून घेण्यास सांगितले. आता तिचा पाला बटाट्याच्या सरीत घालतात, पाण्यात कुजवून टोमॅटोला देतात. त्यातून पिकाला पोटॅश मिळते. डबलडे यांना जी माणसाच्या ताटात हवी होती, ती अखेर मातीच्या मुखी पडली. भुकेल्याला घास पोहोचविण्याचा तोही एक मार्गच होय. फक्त थोडा लांबचा.