इंजिन तापलेले, हीटर मात्र गार

जुनी मोटारगाडी विकत घेतली, की तिची दुखणी हळूहळू कळू लागतात. घाट चढताना रेडिएटरमधून वाफा येतात किंवा थंड प्रदेशात हीटर लावला तर गार वारा येतो. ही दोन दुखणी वेगळी वाटली, तरी दोन्हींचा संबंध इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याशी असतो. या पाण्याचा इतिहास पाहिला, तर दोष शोधण्याची रीतही सापडते. शीतनव्यवस्थेतला प्रत्येक भाग कोणती ना कोणती अडचण दूर करण्यासाठी आला. तो भाग बिघडला, की ती जुनी अडचण परत येते.

पेट्रोल जळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने पाव ते एकतृतीयांश भागच गाडी चालवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाच्या धातूतून बाहेर पडते. ती काढून घेतली नाही, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो. पाण्याचा विशिष्ट उष्मा जास्त, म्हणून हे काम पाण्याकडे आले.

कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या गाडीत हे पाणी उकळून उडून जात असे. १८८८ साली त्याची पत्नी बर्था दोन मुलांसह मानहाइमहून फॉर्त्सहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, अशा गाडीने गेली, तेव्हा वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. तेच पाणी गार करून पुन्हा वापरायचे, तर हवेशी संपर्क येणारे क्षेत्रफळ वाढवायला हवे. विल्हेल्म मायबाखने १९०० साली मर्सिडीज गाडीसाठी बनवलेल्या रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी छेदाच्या ८,०७० नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि भोवतीने पाणी. आजही रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला किंवा आत क्षार साठले, की हे क्षेत्रफळ वाया जाते आणि गाडी तापते.

१९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टी गाड्यांपैकी बहुतेकींत पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे व रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरे. पातळी वरच्या नळीखाली गेली, की हे अभिसरण थांबे. पंपामुळे पाणी जोराने फिरू लागले. पण इंजिन गार असतानाही ते रेडिएटरमधून फिरले, तर इंजिन लवकर तापत नाही. यावर उपाय थर्मोस्टॅटचा. सर्जियस व्हर्नेटने १९३० च्या दशकात त्यासाठी मेण वापरले. मेण वितळताना प्रसरण पावते, दांडी ढकलते आणि झडप उघडते.

पुढे दाब राखणारे झाकण आले. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली, की ते पुन्हा १०० अंशांजवळच उकळू लागते.

हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला छोटा दुसरा रेडिएटर. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची हवा गरम पाण्याच्या जाळीवरून आत घेणारी व्यवस्था आणली. त्यापूर्वी पायाशी निखाऱ्यांची पेटीही ठेवत.

आता आपण दोष शोधू. इंजिन गरम झाल्यावर ते बंद करावे आणि हीटरच्या दोन्ही रबरी नळ्या सावधपणे चाचपाव्यात. दोन्ही गरम, तरी वारा गार, तर हवेचा पडदा अडकला आहे. एक गरम व एक गार, तर पाणी फिरत नाही : जाळी तुंबली आहे, हीटरची झडप बंद आहे किंवा हवा अडकली आहे. दोन्ही कोमट आणि तापमानदर्शक काटाही खालीच, तर थर्मोस्टॅट उघडा राहिला असावा. काटा वर आणि हीटर गार, तर गाडी लगेच थांबवावी. पाणी कमी झाले असण्याची किंवा पंप निकामी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गाडी रेटली, तर सिलिंडरचे झाकण वाकते आणि गॅस्केट जळते. थोड्या पाण्यावारी वाचणारे इंजिन मग खोलावे लागते.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब उतरताच १०० अंशांवरचे पाणी तत्क्षणी उकळून अंगावर उसळते. पाण्यात मिसळलेले ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते, म्हणून सांडलेले द्रावण मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

मेकॅनिककडून एक जुना थर्मोस्टॅट मागून आणावा. तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात सोडावा, शेजारी तापमापी ठेवावी आणि पाणी तापवावे. तो चांगला असेल, तर साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान झडप हळूहळू उघडताना दिसेल. मग पाणी गार होऊ द्यावे आणि झडप मिटते का, तेही विद्यार्थ्यांनाच पाहू द्यावे. मिटली नाही, तर अशा गाडीचा हीटर कसा वागेल, हे त्यांनी वहीत लिहावे.