स्पी वक्र
खालचा जबडा बाजूने पाहिला की पुढच्या दातांपासून दाढांपर्यंत दिसणारी खोलगट रेषा. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फर्डिनांड फोन स्पी यांनी तिचे वर्णन १८९० मध्ये केले. ही रेषा फार खोल असली की वरचे दात खालच्यांना झाकून टाकतात; कधी खालचे दात थेट टाळूला टोचतात.

ठाणे-डोंबिवलीत ज्याला सरसकट ‘तारा बसवणे’ म्हणतात, त्या उपचारात ही रेषा सपाट करणे हा चिवट भाग. उलट्या वक्राची निकेल-टायटॅनियम तार सोयीची खरी, पण ती दाढा वर आणते आणि पुढचे दात ओठाकडे कलंडवते. आखूड चेहऱ्याच्या वाढत्या मुलाला हे चालते, लांब चेहऱ्याच्या प्रौढाला नाही. तिथे दंतरचनातज्ज्ञ चार्ल्स बर्स्टोन यांच्या पद्धतीने पुढचे दात हाडात दाबतात, तेही दाताला जेमतेम १० ते २० ग्रॅम बलाने. किंवा हाडात बारीक स्क्रू बसवून त्याचा आधार घेतात. घाईने जोर वाढवल्यास मुळे झिजण्याचा धोका असतो.

खालच्या दातांवरची ब्रॅकेट (तार धरणारे तुकडे) वरच्या दातांच्या चाव्याने निखळू नयेत म्हणून वरच्या पुढच्या दातांमागे उंचवटे चिकटवतात. मग दाढा टेकतच नाहीत, आणि काही दिवस वडापावसुद्धा कुस्करून खावा लागतो.